अंटार्क्टिकाची सहल : एका निबंधाची दुरुस्ती

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी शिक्षकाने मुलांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात असा आपल्याकडे रिवाज आहे. आज मी तो मोडणार आहे. आज मला माझी एक चूक आपल्यापुढे मांडावयाची आहे आणि जमल्यास ती दुरुस्त करावयाची आहे.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी 'एका सहलीचे नियोजन' हा विषय लिहावयास दिला होता. कोठे जाणार, कसे जाणार, बरोबर काय नेणार, खर्च किती येणार, एवढेच लिहावयाचे होते. बहुतेकांनी रायगड, महाबळेश्वर, अजिंठा-वेरूळ लिहिले. एका मुलीने अंटार्क्टिका लिहिले. दोन पाने भरून लिहिले होते आणि खाली पेन्सिलीने नकाशाही काढला होता. मी लाल शाईने 'अवास्तव' असा शेरा मारला, दहापैकी दोन गुण दिले आणि एवढ्यावर न थांबता तो निबंध वर्गात वाचून दाखविला. वर्ग हसला. मीही हसलो.

चार दिवसांनी त्या मुलीचे वडील शाळेत आले. त्यांचे गॅरेज आहे. हात पुसून आले होते, तरी नखांत ग्रीस होतेच. ते खुर्चीवर बसले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "सर, गुण कमी दिलेत त्याचं काही नाही. पण पोरीचं चुकलं कुठं तेवढं सांगा. ती घरी विचारते आणि मला सांगता येत नाही."

पालकहो, मलाही सांगता आले नाही. मी पंचवीस वर्षे भूगोल शिकवतो. अंटार्क्टिका हा खंड मी फळ्यावर शेकडो वेळा काढला आहे. परंतु तेथे माणूस कसा जातो, हे मला ठाऊक नव्हते. "बघून सांगतो, भाई," एवढेच म्हणून मी वेळ मारून नेली. त्यानंतर मात्र मी वाचावयास बसलो. आज जे सांगणार आहे ते त्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या मुलीची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेऊनच मी हे बोलत आहे.

प्रथम ठिकाण समजून घ्या. आपल्या भिंतीवरच्या नकाशात तळाशी एक पांढरी पट्टी दिसते. तीच अंटार्क्टिका. नकाशात ती पट्टी दिसते, पण प्रत्यक्षात तो सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरांचा गोलसर खंड आहे. आपल्या देशाच्या चौपटीहून मोठा. त्याचा सुमारे ९८ टक्के भाग बर्फाखाली आहे आणि त्या बर्फाची जाडी सरासरीने दोन किलोमीटरांच्या घरात जाते. २१ जुलै १९८३ रोजी तेथील व्होस्तोक या रशियन केंद्रावर उणे ८९.२ अंश सेल्सिअस तपमानाची नोंद झाली. गोव्यापासून आपले 'मैत्री' हे केंद्र सरळ रेषेत दहा हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

आता प्रवासाचा बेत करू. मी आपल्यालाच जावयाचे आहे असे धरून बोलतो. समजा, तुम्ही निघालात.

पहिला प्रश्न कपड्यांचा नाही, पैशाचाही नाही. परवानगीचा आहे. दुसऱ्याच्या घरी जाताना आपण विचारून जातो. पण हे घर कुणाचे? कुणाचेच नाही. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी वॉशिंग्टन येथे अंटार्क्टिका करारावर सह्या केल्या आणि १९६१ पासून तो अमलात आला. या खंडाचा वापर केवळ शांततेसाठी व्हावा, लष्करी तळ होऊ नयेत, संशोधन सर्वांना खुले असावे, असे ठरले. भारत १९८३ मध्ये त्या करारात सामील झाला. २०२२ मध्ये आपल्या संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. म्हणून तेथे जाणाऱ्या मोहिमेला आधी परवाना लागतो, आणि तो देताना तुम्ही तेथे काय कराल, याबरोबरच तेथे काय सोडून याल, हेही विचारले जाते. १९९१ मध्ये माद्रिद येथे झालेल्या कराराने तेथील निसर्गाच्या रक्षणाचे कडक नियम घातले. बाहेरची माती, झाडे, प्राणी तेथे नेता येत नाहीत. एके काळी स्लेज गाड्या ओढणारे कुत्रेसुद्धा १९९४ पर्यंत तेथून हलविण्यात आले. कचरा परत आणावा लागतो. आपल्या सहलीनंतर गडावर जे उरते ते आठवून पाहा, म्हणजे या नियमाची किंमत कळेल.

हौशी प्रवासीही तेथे जातात. ते बहुधा अर्जेंटिनाच्या अगदी दक्षिण टोकाच्या उश्वाया या बंदरातून जहाजाने निघतात आणि ड्रेक सामुद्रधुनीचे खवळलेले पाणी सुमारे दोन दिवसांत ओलांडून अंटार्क्टिक द्वीपकल्पाला पोचतात. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाने तेथे कुणाला उतरवावयाचे नाही, एका वेळी एका ठिकाणी शंभराहून अधिक माणसे किनाऱ्यावर न्यावयाची नाहीत, पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहावयाचे, उतरण्यापूर्वी व चढताना बूट धुवावयाचे, असे नियम त्यांना पाळावे लागतात. पण ती पैसेवाल्यांची सफर झाली. आपल्याला जी वाट खरोखर उपयोगी आहे, ती कामाची वाट. तिच्याकडे मी येणारच आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. तिकडचे ऋतू आपल्या उलट असतात. आपली थंडी तो त्यांचा उन्हाळा. साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढाच काळ जाण्यायेण्याचा. त्यानंतर समुद्र गोठतो, अंधार वाढतो आणि दार बंद होते. मैत्री केंद्रावर उन्हाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात जवळजवळ तेवढाच काळ तो उगवत नाही. मुलांनो, तुमच्यापैकी कुणी लगेच विचारील, मग नमाजाच्या वेळा कशा धरावयाच्या, रोजा कधी सोडावयाचा? प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर जाणत्यांना विचारून निघण्यापूर्वी ठरवून ठेवावयाचे असते, तेथे पोचल्यावर नव्हे. या प्रवासातील प्रत्येक गोष्टीला हाच नियम आहे.

आपल्या कोकणातील घरांना लांबचा प्रवास नवा नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजे-पणजे बोटीवर खलाशी होते. पुढे आखाताची वाट सुरू झाली. घरातला मुलगा निघाला की पेटी भरताना सारे घर गोळा होते हे आपण पाहिले आहे. लोणच्याची बरणी राहिली तरी तिकडे दुकान असते. साबण विसरला तर विकत मिळतो. अंटार्क्टिकात दुकान नाही. जे नेले नाही ते तेथे नाहीच. मार्चनंतर एखादा स्क्रू कमी पडला तरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो कमीच राहणार. म्हणून तेथील प्रवास घरी बसून, कागदावर, यादी करूनच जवळजवळ पुरा करावा लागतो.

ही गोष्ट न पाळल्याने काय होते, याचा दाखला इतिहासात आहे. १९११ मध्ये दोन तुकड्या दक्षिण ध्रुवाकडे निघाल्या. एक नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेनची, दुसरी इंग्रज नौदलातील रॉबर्ट स्कॉट यांची. अमुंडसेनने ८०, ८१ आणि ८२ अक्षांशांवर अन्न व इंधन यांचे साठे आधीच नेऊन ठेवले होते. परतताना हिमवादळात साठा हुकू नये म्हणून प्रत्येक साठ्याच्या दोन्ही बाजूंना, वाटेला आडवी अशी, कित्येक मैल निशाणांची रांग लावली. माणूस चार-पाच मैल चुकला तरी एखादे निशाण त्याला दिसलेच पाहिजे, हा हिशोब. ८ सप्टेंबर १९११ रोजी तो उतावळेपणाने लवकर निघाला. थंडी उणे ५० अंशांच्या खाली उतरली तेव्हा तो मुकाट्याने मागे फिरला आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा निघाला. १४ डिसेंबर १९११ रोजी तो ध्रुवावर पोचला. त्याची पाचही माणसे सुखरूप परत आली.

स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी पोचले. धैर्यात ते कुणाहून उणे नव्हते. पण त्यांच्या नियोजनात सांडीसाठी, सुटीसाठी, जास्तीच्या दोन दिवसांसाठी जागा फार थोडी होती. शिधा चार माणसांच्या हिशोबाने बांधला होता आणि शेवटच्या टप्प्यावर त्यांनी पाचवा माणूस बरोबर घेतला. घासलेटाच्या डब्यांची झाकणे नीट बसत नव्हती, त्यामुळे परतीच्या वाटेवर डबे अर्धवट रिकामे सापडले. त्यांचा सर्वांत मोठा साठा ८० अक्षांशावर ठेवावयाचा होता. पण तट्टे थकली म्हणून तो ७९ अंश २९ मिनिटांवर, म्हणजे पन्नासहून अधिक किलोमीटर अलीकडेच ठेवण्यात आला. मार्च १९१२ मध्ये असाधारण थंडी पडली, वादळ झाले, आणि स्कॉट व त्यांचे शेवटचे दोन सोबती तंबूतच मरण पावले. त्या साठ्यापासून ते केवळ ११ मैल दूर होते. गणिताच्या मुलांनी ही वजाबाकी करून पाहावी. ठरल्या जागी साठा असता तर तो त्यांच्या वाटेत, त्या तंबूच्या आधीच लागला असता.

अमुंडसेन जिंकला आणि स्कॉट हरले, असा धडा आपण सहसा काढतो. तो वरवरचा आहे. ध्रुवावर दोघेही पोचले. फरक परतीच्या वाटेवर पडला.

आता आपल्या देशाकडे येऊ. पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी आपल्या शेजारच्या गोव्यातून निघाली. 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचे जहाज त्यासाठी भाड्याने घेतले होते. मोहिमेत २१ जण होते आणि तिची वाच्यता आधी करण्यात आली नव्हती. ९ जानेवारी १९८२ रोजी त्यांनी अंटार्क्टिकावर पाऊल ठेवले आणि २१ फेब्रुवारीला ते गोव्यास परतले. या मोहिमेचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. त्यांचा जन्म १९२६ मध्ये अलाहाबादला झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले व तेथेच शिकवू लागले, पुढे वेल्समध्ये जाऊन त्यांनी पीएच.डी. मिळविली. सागरी जीवशास्त्र हा त्यांचा विषय. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते संचालक होते. मोहिमेवर निघाले तेव्हा त्यांचे वय पंचावन्नाच्या उंबरठ्यावर होते. पुढे जामिया मिलिया इस्लामियाचे ते कुलगुरू झाले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे नाव मी अभिमानासाठी सांगत नाही, किंवा केवळ अभिमानासाठी सांगत नाही. हे मला ठाऊक असावयास हवे होते आणि नव्हते, म्हणून सांगतो. ज्या दिवशी मी त्या मुलीच्या वहीवर 'अवास्तव' लिहिले, त्या दिवशी ही हकीकत चार दशकांपूर्वीची झालेली होती.

नियोजनाच्या दृष्टीने पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. पहिल्या मोहिमेने घाईने वस्ती केली नाही. पाहणी केली, एक स्वयंचलित हवामान केंद्र उभे केले आणि परत आली. तिसऱ्या मोहिमेने १९८३-८४ मध्ये 'दक्षिण गंगोत्री' हे केंद्र बांधले आणि बारा जणांनी तेथे पहिला भारतीय हिवाळा काढला. परंतु हे केंद्र समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या थरावर होते. वर्षावर्षाला त्यावर बर्फ साचत गेले आणि ते गाडले जाऊ लागले. शेवटी १९९० मध्ये ते बंद करावे लागले. तोवर, १९८९ मध्ये, शिर्माखेर या खडकाळ प्रदेशात 'मैत्री' उभे राहिले होते. तेथे पायाखाली खडक होता आणि शेजारी गोड्या पाण्याचे तळे. २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर 'भारती' हे तिसरे केंद्र सुरू झाले. ते मालवाहू कंटेनर जोडून बांधले आहे आणि जमिनीपासून खांबांवर उचललेले आहे, म्हणजे वाऱ्याबरोबर आलेला हिम खालून निघून जातो. पहिले घर बुडाले तेव्हा कुणी ते अपयश म्हणून झाकून ठेवले नाही. त्यावरून पुढचे घर कोठे व कसे बांधावयाचे ते ठरविले. परीक्षेत पहिल्या खेपेस हुकलेल्या मुलांच्या पालकांनी हे जरा लक्षात ठेवावे.

तिसरा प्रश्न सामानाचा. कपडे एकच जाड नेऊन भागत नाही. एकावर एक असे तीन-चार थर लागतात. आतला घाम ओढून घेणारा, मधला ऊब धरणारा, बाहेरचा वारा अडविणारा. सुती बनियन तेथे शत्रू ठरतो. तो घामाने भिजतो, सुकत नाही आणि अंग थंड करतो. डोळ्यांना गडद चष्मा हवाच. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे काही तासांत सुजून दिसेनासे होते. कोरडी हवा शरीरातील पाणी ओढून घेते, म्हणून तहान नसतानाही पाणी प्यावे लागते. आणि सर्वांत मोठी भीती कशाची, ठाऊक आहे? आगीची. हवा कोरडी, वारा जोराचा आणि पाणी गोठलेले. केंद्र जळाले तर बाहेर आसरा नाही. म्हणून तेथे प्रत्येकाला आग विझविण्याचे शिक्षण घ्यावे लागते.

यंत्रांचेही तसेच. साधे डिझेल कडक थंडीत मेणासारखे घट्ट होते. बॅटरी लवकर उतरते. इंजिन आधी गरम केल्याशिवाय चालू होत नाही. जनरेटर बंद पडला तर दिवा, ऊब, पाणी, बिनतारी संदेश, सारेच बंद पडते. अशा ठिकाणी गाडीचा आवाज ऐकून दोष ओळखणारा माणूस हा शास्त्रज्ञाइतकाच मोलाचा असतो.

यावर एक खरी घडलेली हकीकत सांगतो. मैत्रीपासून काही किलोमीटरांवर नोव्होलाझारेव्स्काया हे रशियन केंद्र आहे. एप्रिल १९६१ मध्ये तेथे मूठभर माणसे हिवाळा काढीत होती आणि त्यांत एकच डॉक्टर होता, लिओनिद रोगोझोव्ह, वय वर्षे २७. त्यालाच अपेंडिक्सचा विकार झाला. बाहेर वादळ, विमान येणे शक्य नाही. ३० एप्रिलच्या रात्री त्याने स्वतःच स्वतःवर शस्त्रक्रिया केली. बधिर करण्याचे औषध केवळ पोटाच्या कातडीला दिले होते. त्याला पोटात पाहता यावे म्हणून एकाने आरसा धरला, दुसऱ्याने हत्यारे हातात दिली. हत्यारे देणारा हवामानशास्त्रज्ञ होता आणि आरसा धरणारा होता गाडीचा चालक. शस्त्रक्रिया पावणेदोन तास चालली. तो वाचला आणि दोन आठवड्यांत कामाला लागला. त्या रात्री त्या चालकाच्या हातातला आरसा हलला असता तर काय झाले असते, याचा विचार करा.

आता मी कामाच्या वाटेकडे येतो. पालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे.

भारताच्या मोहिमांची व्यवस्था गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. मोहिमेत भूवैज्ञानिक, हवामानखात्याची माणसे, जीवशास्त्रज्ञ असतात. आपल्या पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे संशोधकही तेथे जातात. पण केंद्र केवळ शास्त्रज्ञांवर चालत नाही. डॉक्टर लागतो, परिचारक लागतो, वाहनांचा मेकॅनिक लागतो, क्रेन चालविणारा लागतो, विजेचे काम करणारा, वेल्डर, सुतार आणि स्वयंपाकी लागतो. या कामांसाठी रीतसर जाहिराती निघतात, मुलाखती होतात. निवड झालेल्यांची दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत कसून तपासणी होते. मग उत्तराखंडमध्ये औली येथे बर्फात राहण्या-चालण्याचे शिक्षण दिले जाते. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनपर्यंत विमान, आणि तेथून सुमारे चार हजार किलोमीटर दक्षिणेस जहाजाने किंवा पाच-सहा तासांत विमानाने अंटार्क्टिका.

म्हणजे हा रस्ता आहे. त्याला पायऱ्या आहेत. पदवी घेऊन चढता येतो, आणि आय.टी.आय.चा दाखला व चार वर्षांचा चांगला अनुभव घेऊनही चढता येतो.

"पण सर, मुलगी?" हा प्रश्न मला पुढच्या रांगेतून ऐकू येत आहे. कुणी बोललेले नाही, तरी ऐकू येतो. १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत दोन स्त्रिया होत्या. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि गोव्याच्या संस्थेतील सागरशास्त्रज्ञ आदिती पंत. आदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, पदवी पुणे विद्यापीठाची. २०१६-१७ मध्ये इस्रोच्या मंगला मणी भारती केंद्रावर ४०३ दिवस राहिल्या. त्या तेवीस जणांच्या तुकडीत त्या एकट्याच स्त्री होत्या आणि त्यांचे वय ५६ होते. आईवडिलांना काळजी वाटते, ती वाटलीच पाहिजे. पण काळजीचे काम यादी करण्याचे आहे. बरोबर कोण आहे, संदेश कसा येईल, आजारी पडली तर काय, परत कधी, हे सारे विचारा. आखातात मुलगा पाठविताना आपण हेच विचारतो. विचारून, खात्री करून मग हो किंवा नाही म्हणा. न विचारताच नाही म्हणणे म्हणजे मी वहीवर मारलेला शेराच होय.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याशी दोन शब्द. अंटार्क्टिकाला सारेच जाणार नाहीत. जाण्याची गरजही नाही. पण दहावीनंतर काय, हा प्रश्नही असाच दूरचा, थंड आणि नकाशाच्या तळाशी असलेला वाटतो. तेथेही तीच रीत लावा. परवानगी आणि पात्रता कशाची लागते ते आधी विचारा. फॉर्म कोणत्या महिन्यात निघतो ते लिहून ठेवा, कारण मार्चनंतर दार बंद होते. वाटेत शिधा संपेल अशा जागा ओळखा. गणित कच्चे असेल तर तो साठा आजच पुढे नेऊन ठेवा. आणि थंडी फार वाढली तर मागे फिरून पुन्हा निघण्याची लाज बाळगू नका.

आता त्या निबंधाकडे परत येतो.

उन्हाळ्याच्या सुटीत मी तो पुन्हा वाचला. गोवा, केप टाऊन, जहाज, महिने, कपड्यांचे थर, सारे त्यात होते. "इंजिन आधी गरम करावे लागेल, हे अब्बांनी सांगितले," असेही एक वाक्य होते. पहिल्या वाचनात मला ते दिसलेच नव्हते. तरीही मी वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर शोधीत होतो, आणि शेवटी ते सापडले. पोरीचे एका ठिकाणी खरोखर चुकले होते. तिने निघण्याची तारीख लिहिली होती, पोचण्याची लिहिली होती. परतण्याची लिहिली नव्हती. परतीचे जहाज नाही, परतीचा शिधा नाही, परतीचा खर्च नाही. पेन्सिलीच्या नकाशातला बाण एकाच बाजूला जात होता.

मी गॅरेजवर गेलो. जीपखालून ते बाहेर आले. मी सांगितले, "भाई, चूक सापडली. तिनं परतीचं लिहिलेलं नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, मी पण तिला तेच विचारलं नव्हतं."

शाळा उघडल्यावर वर्गात मी तो निबंध पुन्हा वाचून दाखविला आणि माझा शेरा खोडला. दोनाच्या जागी सात गुण दिले. तीन गुण परतीसाठी राखून ठेवले. दुसऱ्या दिवशी तिने तिसरे पान जोडून आणले. त्यावर दुसऱ्या बाजूचा बाण होता, मार्चच्या पहिल्या आठवड्यातले जहाज होते आणि दहा दिवसांचा जास्तीचा शिधा होता, "वादळ झाले तर" असे त्यापुढे लिहिलेले. शेवटची ओळ अशी होती की गोव्याला उतरल्यावर प्रथम घरी फोन करावयाचा.

ते तीन गुण मी दिले. हेच मला आज आपल्याला सांगावयाचे होते.